‘तिसऱ्या आठवड्यानंतर मी फक्त हजर होतो’

शाई

गेली सतरा वर्षं मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आहे. दर सत्राच्या शेवटी मुलं अभिप्रायाचा फॉर्म भरतात, कचेरीत त्याची सरासरी निघते आणि काही दिवसांनी एक कागद माझ्या हातात पडतो. या सत्राचा आकडा होता ५ पैकी ४.२. आमच्या विभागात हा आकडा चांगलाच मानतात. एरवी मी तो बघून फाइलला लावला असता.

या वेळी मी मूळ फॉर्म मागवून घेतले आणि एकेक वाचत बसले. एकावर शेवटच्या चौकटीत, ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ या ओळीखाली, एवढंच लिहिलं होतं: ‘तिसऱ्या आठवड्यानंतर मी फक्त हजर होतो.’

याच मुलाने वरच्या प्रश्नांना काय उत्तरं दिली होती ते पाहिलं. शिक्षक वेळेवर येतात का? ५. विषयाची तयारी करून येतात का? ५. बोलणं स्पष्ट असतं का? ५. अभ्यासक्रम पूर्ण झाला का? ५. म्हणजे या मुलाने मला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले होते, आणि सत्राच्या पाचातल्या चार भागांत त्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आणि दोन्ही खऱ्या. माझ्या ४.२ मध्ये त्याचे ते सगळे पाच मिसळलेले आहेत.

तिसऱ्या आठवड्यात मी काय शिकवलं होतं ते वहीत बघितलं. नमुना वितरण, म्हणजे एकाच समूहातून पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर त्यांच्या सरासऱ्या कशा पसरतात ते. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं असतं. तिथे पाय निसटला की अनुमान, परिकल्पना-चाचणी, काहीच धरता येत नाही.

तो मुलगा कोण हे मला शोधायचं नाही. मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच. शिकवत असाल, तर मुलांचं म्हणणं तुम्ही कधी आणि कसं ऐकता? शिकत असाल किंवा शिकून बाहेर पडला असाल, तर खरं सांगावंसं कधी वाटलं आणि कधी वाटलं नाही? मोकळेपणाने लिहा.

तिसरा बाक

मॅडम, मी शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून आमच्या बाजूने सांगतो.

फॉर्म येतो तो शेवटच्या आठवड्यात. तेव्हा प्रात्यक्षिकाची वही पूर्ण करायची असते, प्रकल्प जमा करायचा असतो, परीक्षेचं वेळापत्रक लागलेलं असतं. शिवाय आम्ही जे काही लिहू त्याचा आम्हाला उपयोग नसतो, तो पुढच्या तुकडीला. पुढच्या तुकडीसाठी लिहायलाही माझी हरकत नाही, पण त्याचं काही होतं याची एखादी तरी खूण दिसायला हवी.

पहिल्या वर्षी मी दीड पान लिहिलं होतं. प्रयोगशाळेत तीन जणांत एक यंत्र असतं, त्यात एकच जण हात लावतो आणि उरलेले दोघं वाचनं उतरवून घेतात. हात लावणारा नेहमी तोच, ज्याने ते यंत्र आधी कुठेतरी पाहिलेलं असतं. गट आठवड्याला बदलले तर प्रत्येकाला पाळी मिळेल, असं सुचवलं होतं. पुढच्या वर्षी काही बदललं नाही. मला ते बोचलं नाही, सगळंच बदलता येत नसेल. पण ‘वाचलं, जमत नाही, कारण अमुक’ एवढं तरी कुणी सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी वरून खाली एका रेषेत खुणा करतो.

आणि नाव लिहायचं नसतं हे खरं, पण निवडक विषयाला आम्ही नऊ जण आहोत. नऊ जणांत अक्षर ओळखू येतं.

कचेरी

मी हे फॉर्म एकत्र करण्याचं काम करते, म्हणून लिहिते. आमच्या तक्त्यात फक्त आकडे भरायची सोय आहे. शेवटच्या चौकटीतला मजकूर टंकून पुढे पाठवा असं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि शेकडो फॉर्मांत ते शक्यही होत नाही. फॉर्म वर्षभर कपाटात राहतात, मग त्यांची विल्हेवाट लागते.

मी मात्र वाचते. मुलं खूप लिहितात हो. काही वाक्यं घरी जाताना डोक्यात राहतात. एकदा एका मुलीने लिहिलं होतं की तिला वर्गात कुणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. ते मी कुठे पोहोचवायचं हे मला कळलं नाही. शाई मॅडमनी मूळ फॉर्म मागितले तसे आमच्याकडे अजून कुणी मागितलेले नाहीत. कृपया मागत जा.

आकडेमोड

उच्च शिक्षणातलं मूल्यमापन हा माझा अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

शिक्षकाबद्दल विद्यार्थ्यांना विचारणं ही काही आजची गोष्ट नाही. मध्ययुगात इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे संघ होते. ते आपला कुलप्रमुख निवडत, प्राध्यापकांशी करार करत, आणि प्राध्यापक उशिरा आला किंवा ठरलेला भाग वेळेत संपवला नाही तर दंड करत. आपण आज भरतो त्या प्रश्नावल्या मात्र अमेरिकेत १९२० च्या दशकात आल्या. पर्ड्यू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हर्मन रेमर्स यांनी तेव्हा केलेली मापनश्रेणी ही त्यातली सुरुवातीची. पुढे हळूहळू हे आकडे नेमणुका आणि बढत्यांसाठी वापरले जाऊ लागले. ऐकण्याचं साधन मोजण्याचं साधन झालं, आणि माझ्या मते गाडी तिथेच रुळावरून उतरली.

कारण मोजमाप म्हणून ते फारसं टिकत नाही. बॉब उटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले. शिक्षकाला मिळालेले गुण आणि मुलं प्रत्यक्षात किती शिकली यांत पूर्वी दिसलेला संबंध बराचसा लहान नमुन्यांमुळे दिसत होता. ते लक्षात घेतल्यावर जवळजवळ काहीच उरलं नाही. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांचा २०१० चा अभ्यास अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला आहे. तिथे मुलांना वर्ग नेमून दिले जातात, निवडता येत नाहीत, म्हणून तुलना स्वच्छ होते. ज्यांच्या वर्गात मुलांना त्या विषयात जास्त गुण मिळाले त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगले मिळाले, पण पुढच्या, त्यावर आधारलेल्या विषयात हीच मुलं सरासरीने मागे पडली.

पूर्वग्रहाचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑनलाइन विषय, एक पुरुष आणि एक स्त्री शिक्षक. दोघांनी एकेका गटाला आपल्या नावाने शिकवलं आणि एकेका गटाला दुसऱ्याच्या. मुलांना चेहरा दिसत नव्हता. ज्याला ती पुरुष समजत होती त्याला गुण जास्त मिळाले, शिकवणारं प्रत्यक्षात कुणीही असो. गृहपाठ तपासून ठरलेल्या वेळात परत केला का, इतक्या साध्या प्रश्नातही हा फरक होता, आणि गृहपाठ परत केला होता एकाच वेळी.

२०१८ मध्ये टोरांटोच्या रायरसन विद्यापीठात (आता त्याचं नाव बदललं आहे) हा वाद लवादापर्यंत गेला. बढती किंवा कायम नेमणुकीसाठी शिकवण्याची परिणामकारकता या अभिप्रायांवरून मोजू नये, असा निर्णय आला. शाई मॅडमना त्यातला एक मुद्दा जवळचा वाटेल: सरासरी देऊ नका, किती जणांनी कोणता पर्याय निवडला त्याचं वितरण द्या. आणि अभिप्राय बंद करा असं लवादाने म्हटलं नाही. विद्यार्थ्यांचा अनुभव त्यातून कळतो हे मान्य केलं.

खडू

वर आकडेमोड यांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. तीस वर्षं शिकवल्यावर मला माझं मत लपवावंसं वाटत नाही. जे अजून शिकायचं आहे ते कसं शिकवावं हे शिकणाऱ्याने ठरवू नये. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहेच: काही मुलांना सफाईदार व्याख्यान, काहींना स्वतः गटात गणितं सोडवायला लावलं, मग गट उलटे केले. सोडवणारी मुलं जास्त शिकली. पण विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आम्ही कमी शिकलो. डोक्याला ताण पडला की मुलांना वाटतं शिकवणं वाईट आहे. मग मी त्यांचं ऐकून गणितं बंद करू आणि गोड व्याख्यान देऊ?

आणखी एक. मला एकदा अभिप्रायात माझ्या बोलण्यातल्या अडखळण्यावरून फार वाईट लिहिलं गेलं. लहानपणापासूनचं अडखळणं आहे ते. त्यानंतर महिनाभर वर्गात शिरताना पाय जड व्हायचे. ऐकण्याबद्दल बोलताना हेही लक्षात घ्या.

शाई

खडू सर, ते वाचून वाईट वाटलं. असं कुणालाही सोसावं लागू नये. मूळ मजकूर शिक्षकाच्या हातात पडण्याआधी विभागाबाहेरच्या कुणीतरी तो चाळून अपमानास्पद ओळी काढून टाकायला हव्यात. यात लपवाछपवी आहे असं मला वाटत नाही.

हार्वर्डच्या प्रयोगाबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, पण त्यातून मी वेगळ्या ठिकाणी पोहोचते. मुलांचा निवाडा चुकला, हे खरं. त्यांचा अनुभव चुकला नाही. ताण पडला, गोंधळ झाला, आपण मागे पडतोय असं वाटलं, हे त्यांनी खरंच सांगितलं. आपण त्यांना ‘किती शिकलात?’ असं विचारलं, आणि ते त्यांना आतून मोजता येत नाही. त्याच संशोधकांनी पुढे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना सांगून पाहिलं की असं वाटणार आहे आणि का वाटणार आहे. त्याने मुलांचा दृष्टिकोन सुधारला. अनुभव ऐकला होता म्हणूनच काय सांगायचं ते कळलं ना?

मुलांना न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवायचं आणि मग न्याय येत नाही म्हणून त्यांचं बोलणं मोडीत काढायचं, हे मला बरोबर वाटत नाही. ती साक्षीदार आहेत. साक्षीदाराला ‘गुन्हेगार कोण?’ असं विचारायचं नसतं. ‘तू कुठे उभा होतास, काय पाहिलंस?’ असं विचारायचं असतं.

आकडेमोड

साक्षीदार हा शब्द पटला. शिकण्याबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं बरंच अशा साक्षींतूनच आलंय. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये योटेबोर्ग इथे फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेलयो यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि नंतर दोनच दिशांनी विचारलं: काय समजलं, आणि वाचताना तुम्ही काय करत होता? काही जण पुढे काय विचारतील या धास्तीने वाक्यं लक्षात ठेवत होते. काही जण लेखकाला काय म्हणायचंय ते शोधत होते. वरवरचं शिकणं आणि खोलवरचं शिकणं ही आता सगळीकडे वापरली जाणारी जोडी या साध्या गप्पांतून निघाली. त्यात कुणीही लेखाला पाचपैकी गुण दिले नव्हते.

उंबरठा

हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको ठरत नव्हतं. मी दुसऱ्या वर्षी विद्यापीठ सोडलं.

सोडताना मला पाच सह्या आणाव्या लागल्या. ग्रंथालयाचं देणं नाही, प्रयोगशाळेचं देणं नाही, वसतिगृहाची किल्ली परत केली, ओळखपत्र जमा केलं, शुल्क बाकी नाही. पाच टेबलं फिरलो. एकाही टेबलावर ‘का जातोयस?’ असं कुणी विचारलं नाही. त्या कागदावर तो रकानाच नव्हता.

का गेलो ते इथे सांगतो, कारण आता राग नाही. पहिल्या वर्षीच्या गणितात नापास झालो होतो आणि दुसऱ्या वर्षीचे तीन विषय ते गणित येतं असं धरून शिकवले जात होते. वर्गात विचारायची लाज वाटायची, कारण प्रश्न मागच्या वर्षीचा होता. भेटायला जावं तर सरांच्या दारावरच्या वेळा आमच्या प्रात्यक्षिकाच्या वेळा होत्या. एवढंच. नऊ महिने मी कुणाशीच त्याबद्दल बोललो नाही.

सत्राच्या शेवटी जो फॉर्म भरला जातो तो राहिलेल्यांकडून भरून घेतला जातो. मी त्यात नव्हतो. तुमच्या ४.२ मध्ये माझ्यासारखे कधीच नसतात.

आकडेमोड

उंबरठा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे भोक मोठ्या सर्वेक्षणांतही तसंच आहे. ब्रिटनचं राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे, पण ते पदवीच्या शेवटच्या वर्षाला विचारतं. वाटेत गळालेले तिथवर पोहोचतच नाहीत.

रात्रपाळी

प्रतिनिधी निवडा आणि त्यांच्यामार्फत ऐका, असं नेहमी सांगितलं जातं. आमच्याकडे प्रतिनिधींची बैठक दुपारी चारला असते. मी चारला कामावर जातो. घरी लहान मूल असलेली एक वर्गमैत्रीण चारला पाळणाघरात असते. दोन तास प्रवास करून येणारे चारला निघालेले असतात. बैठकीत जे असतात ते चांगलेच आहेत, पण त्यांना आमचं वेळापत्रक जगून माहीत नाही. ज्यांना अडचण सर्वात जास्त, त्यांनाच त्या खोलीत जाता येत नाही.

कानोसा

शिक्षकांना शिकवण्यात मदत करणाऱ्या एका केंद्रात मी काम करते. मूळ प्रश्न ‘कसं ऐकायचं’ असा होता, तर आम्ही सर्वात जास्त वापरतो ती पद्धत सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून ती पसरली.

सत्राच्या मध्यावर, म्हणजे बदल करायला वेळ असताना, शिक्षक आपला वर्ग मला अर्ध्या तासासाठी देतात आणि स्वतः बाहेर जातात. बाहेर जाणं महत्त्वाचं. मुलं चार-पाचच्या गटात बसतात आणि तीन गोष्टी लिहितात: शिकायला कशाची मदत होतेय, कशामुळे अडतंय, आणि काय बदललं तर फरक पडेल. मग प्रत्येक गट वाचून दाखवतो आणि मी सगळ्या वर्गाला विचारते की याच्याशी किती जण सहमत आहेत. इथे फार मोलाचं काही घडतं. एखादा म्हणतो ‘वेग फार आहे’, दुसरा म्हणतो ‘मला तर हळू वाटतो’, आणि दोघंही पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकतात. खडू सर ज्या व्यक्तिगत ओळींबद्दल म्हणाले त्या इथे जवळजवळ येत नाहीत, कारण गटासमोर आपलं म्हणणं मांडावं लागतं.

नंतर मी शिक्षकांशी एकटीच बोलते. पुढच्या तासाला शिक्षकांनी दहा मिनिटं द्यायची: तुम्ही हे सांगितलंत, यातलं हे मी उद्यापासून बदलतोय, हे बदलत नाही आणि त्याचं कारण हे. ही दहा मिनिटं टाळली तर बाकीचं न केलेलंच बरं. तिसरा बाक यांचं दीड पान आठवा.

रोजच्यासाठी याहून सोपं: तासाच्या शेवटी एका चिठ्ठीवर एकच प्रश्न, नावाशिवाय. फक्त ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ याशिवाय उत्तर येत नाही. ‘आज कोणत्या क्षणी धागा सुटला?’ असं विचारा. उत्तरात जागा येते, शब्द येतो, फळ्यावरची ओळ येते.

तिसरा बाक

‘कोणत्या क्षणी धागा सुटला’ असं मला कुणी विचारलं असतं तर चार वर्षांत निदान पन्नास वेळा तरी मी खरं उत्तर दिलं असतं.

शाई

धागा वर आणते आहे, कारण मधे एक सत्र गेलं.

कानोसा यांचा चिठ्ठीचा प्रश्न मी तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम विचारला, नमुना वितरणाच्या तासाला. छप्पन्न चिठ्ठ्या आल्या. एकवीस जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच जागा दाखवली. मी ‘सरासरी’ हा शब्द एका वाक्यात तीन अर्थांनी वापरत होते: समष्टीची, म्हणजे सगळ्या समूहाची, सरासरी, त्यातून घेतलेल्या एका नमुन्याची सरासरी, आणि सगळ्या शक्य नमुन्यांच्या सरासऱ्यांची सरासरी. माझ्या डोक्यात तिन्हींची चिन्हं वेगळी, म्हणून मला ते वेगळं ऐकू यायचं. त्यांना एकच शब्द ऐकू यायचा. एका मुलीने लिहिलं होतं, ‘सरासरी तर एक संख्या असते ना, मग तिचं वितरण कसं असेल?’ याहून नेमका प्रश्न मला स्वतःला सुचला नसता.

पुढच्या तासाला व्याख्यान बाजूला ठेवलं. प्रत्येकाने एकाच डब्यातून आकडे लिहिलेल्या पाच चिठ्ठ्या काढल्या, सरासरी काढली, फळ्यावर येऊन आपला ठिपका लावला. छप्पन्न ठिपक्यांचा ढीग मधे उंच आणि कडेला उतरता झाला, आणि मी म्हटलं, हा ढीग म्हणजे नमुना वितरण. त्या मुलीने मोठ्याने ‘अच्छा!’ म्हटलं. गेल्या वर्षीचा तो मुलगा इथे असता तर, हे त्या क्षणी मनात आलंच.

सगळंच जमलं नाही. गृहपाठ कमी करा असं बऱ्याच जणांनी म्हटलं. मी कमी केला नाही आणि का नाही ते सांगितलं. काही चेहरे पडले. गटचर्चेसाठी दुसऱ्या विभागातल्या सहकारी आल्या होत्या. त्यांना कळलेली एक गोष्ट मला सतरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती: मागच्या तीन ओळींतून फळ्याचा खालचा भाग दिसत नाही, पुढच्यांची डोकी आड येतात. आणि मी उत्तराची शेवटची पायरी नेहमी खालीच लिहिते. आता खालच्या हातभर जागेत काही लिहीत नाही.

रात्रपाळी, चर्चा तासातच घेतली, वेगळी बैठक ठेवली नाही. तुमचं वाचूनच तसं केलं.

खडू

मीही दोनदा चिठ्ठ्या घेतल्या. मत अजून तेच आहे, अभ्यासक्रम मुलांनी ठरवू नये. पण चिठ्ठ्या पुढच्या सत्रातही घेणार आहे. एकीवर लिहिलं होतं: ‘सर, तुम्ही थांबता तेव्हा मला लिहून घ्यायला वेळ मिळतो.’

उंबरठा

मॅडम, एक विचारू का? तुमच्या वर्गातून मधेच येणं बंद केलेले कुणी आहेत का या सत्रात?

शाई

तिघं आहेत. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून ते मनात होतं. हजेरीपटावरून पत्ते काढून तिघांनाही लिहिलं. हजेरीबद्दल काहीच म्हटलं नाही, एवढंच विचारलं की कोणत्या आठवड्यापर्यंत ठीक चाललं होतं, आणि त्यांना सोयीच्या वेळी मी भेटू शकते. दोघांचं उत्तर नाही. तिसऱ्याचं काल रात्री आलं. गुरुवारी संध्याकाळी सातला येतो म्हणालाय.